कमी तेल पिणारी बत्ती

आमच्या नावेवर रात्री बत्ती लावायची वेळ आली ती एका जावयामुळे. पलीकडच्या काठावरचा हा जावई दसऱ्याला आमच्या गावी सासुरवाडीला आला, पुरणपोळ्या चेपून खाल्ल्या, आणि सासूनं "ऱ्हावा आजची रात" म्हणत असताना हट्टानं परत निघाला. निघाला तो वाळक्या भोपळ्यांच्या सांगडीवर पालथा पडून, हातांनी पाणी मारत. अंधारात तो थेट आमच्या नावेवर येऊन आदळला आणि त्याचे पुढचे दोन दात गेले. दात त्याचे गेले, पण झोप उडाली आमची. कारण दुसऱ्या दिवशी बोळकं उघडून दाखवायला तो तहसीलला गेला.

आता नाव नदीत मधोमध कशाला उभी होती, असं कोणी विचारील. आमचं गाव घनसावंगीच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या अगदी काठावर. नाव म्हणजे काही होडी नव्हे. दोन बैलगाड्या बैलांसकट चढायच्या, वर माणसं, शेळ्या, कापसाची गाठोडी. पावसाळा सरला की नदी रोज थोडी थोडी उतरते. संध्याकाळी काठाला बांधलेली नाव सकाळी चिखलात बसलेली सापडते आणि मग तिला ढकलायला अख्खं गाव गोळा करावं लागतं. म्हणून रात्री ती डोहात नेऊन नांगर टाकायचा. नांगर म्हणजे भोक पाडलेला एक थोरला दगड आणि त्याला दोरखंड. माझं माहेर टेंभुर्णीचं. तिथं नांगर जमिनीत चालतो आणि ओढ्याला गुडघाभर पाणी आलं तरी लोक पूर आला म्हणून सांगत सुटतात. लग्न होऊन इथं आल्यावर हे सगळं मला नव्यानं शिकावं लागलं. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला लहान होडी वल्हवायलाही शिकवलं. सासूबाई नव्हत्या, घरात आम्ही तिघंच, त्यामुळं नाकं मुरडायलाही कोणी नव्हतं.

आठ दिवसांत तहसीलचे गिरदावरसाहेब आले, ऐटबाज उर्दूत एक कागद वाचून दाखवला आणि त्याचा अर्थ सांगितला. नावेवर रात्रभर बत्ती पाहिजे. उजाडेपर्यंत जळली पाहिजे, पलीकडच्या काठावरून दिसली पाहिजे. दिवाळीनंतर ते स्वतः येऊन पाहतील. बत्ती नसली तर नावेचा मक्ता दुसऱ्याला.

हे ऐकून मामांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांच्या आज्यानं, बापानं हीच नाव चालवलेली. मामा सुकाणूवर आणि माझा नवरा पुढे वल्ह्यावर, असा तो संसार. मामांना दुसरं काही येतच नव्हतं. शेतातून चालतानासुद्धा ते मधूनच उजवा हात मागे नेऊन काहीतरी वळवल्यासारखं करायचे. नाव गेली तर या माणसाचं करायचं काय, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला, आणि बत्तीच्या कामात मी पदर खोचून उतरले.

अडचण एकच होती, राकेलची. लढाई चालू होती, सगळं कंट्रोलवर. आठवड्याला एक बाटली मिळायची, तीही तासन्तास उभं राहून. सरकारनं बत्ती लावायला सांगितली, पण तेल वाढवून दिलं नाही. म्हणजे एकाच बाटलीत घरही उजळायचं आणि गोदावरीही.

पहिली बत्ती आणली ती माझ्या नवऱ्यानं, जालन्याच्या बाजारातून. कंदील होता विलायती, बुडाला पितळेची टाकी, वर जाळी, कडी धरली तर हात खाली जाईल असं वजन. पहिल्या संध्याकाळी तो नावेवर लावला आणि मामांना होडीत घालून मी पलीकडच्या काठावर नेलं, कारण दिसते की नाही ते तिथूनच कळणार. मामा काठावर उभे राहिले, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, "हां! हिला म्हंत्यात बत्ती!" आम्ही खूश. पण तो कंदील कसला, तेलाचा राक्षस होता. चौथ्या दिवशी बाटली पालथी. पुढचे तीन दिवस आम्ही चुलीच्या उजेडात जेवलो. एका रात्री माझ्या नवऱ्यानं गूळ समजून मिरचीचा ठेचा भाकरीवर घेतला, आणि मग जे काही बोलला ते मी इथं लिहीत नाही.

तेव्हा ठरलं की बत्ती कमी पिणारी हवी. आणि त्यासाठी चाचांना बोलवावं लागलं.

चाचा म्हणजे आमच्या गावचे पत्र्याचं काम करणारे. कल्हई करायचे, डब्यांना झाकणं बसवायचे, घरोघरच्या राकेलच्या चिमण्या त्यांच्याच हातच्या. मामांची आणि त्यांची दोस्ती चाळीस वर्षांची. रोज सकाळी चाचा आमच्या ओट्यावर यायचे, दोघं एकाच काडीवर दोन विड्या पेटवायचे आणि एकमेकांना नावं ठेवायचे. मामा मराठीतून, चाचा त्यांच्या बोलीतून. दिवस चांगला गेला की नाही हे त्यांच्या शिव्यांवरून कळायचं.

चाचांनी आधी फुकटातला उपाय काढला. करंजीच्या तेलाची पणती, भोकं पाडलेल्या मडक्यात. राकेलचा थेंब नको. ती लावली तेव्हा एवढा धूर झाला की दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, इथं दिव्याच्या वरही अंधारच. शिवाय गोदावरीवरचा वारा भोकांतून आत शिरून तिला दर घटकेला विझवायचा. मी स्वतःच ती नापास केली. मामांना विचारायचीही गरज पडली नाही.

मग चाचा इरेला पेटले. चार दिवस ठकठक करून त्यांनी एक चिमणी बनवली. वात बुटाच्या नाडीएवढी बारीक, आणि मागे कल्हई केलेला पत्रा, आरशासारखा. "देख बेटी," मला म्हणाले, "बत्ती एक, उजाला दो का!" घरात भिंतीला टांगली तेव्हा खरंच सगळी खोली उजळली. तेल म्हणाल तर चमचाभर कमी झालेलं. चाचांनी मिशीवरून हात फिरवला.

पण ती भिंतीची बत्ती होती, आणि नाव काही भिंत नव्हे. नांगर टाकलेली नाव एका जागी असली तरी गप्प बसत नाही. वारा वळेल तशी दोराभोवती गरगर फिरते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पिढ्यान्‌पिढ्या नावेवर जगणाऱ्या घराला ठाऊक नसेल तर कोणाला? पण पत्र्याच्या झगमगाटात एकाच्याही डोक्यात आलं नाही. नाव फिरली की पत्रा पलीकडच्या काठावर उभ्या मामांकडे आणि माझ्याकडे पाठ करायचा आणि बत्ती गुडूप. पुन्हा फिरली की लख्ख. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावरची एक म्हातारी घाटावर मला म्हणाली, "काय गं, तुमची बत्ती रातभर डोळा मारून राह्यली. आमच्या म्हाताऱ्याला घरात आननं मुश्कील झालं ना!"

मी हसत घरी येऊन सांगितलं. चाचांनीही कपाळावर हात मारला. मामा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "डोळा मारती का काय मारती, मला तर यकदाबी दिसली न्हाई."

"असं कसं मामा? मी तुमच्या शेजारीच व्हते. दिसत व्हती की."

"तुजे डोळे कोवळे हायेत. बत्ती म्हाताऱ्याला दिसली पायजे. रातच्याला नदीवर कोन येतं? म्हातारंच येतं, लेकीकडून, सुनंकडून भांडून."

 मामांना पसंत पडणं ही मुळातच अवघड गोष्ट. माझी भाकरी एक दिवस जाड असायची, एक दिवस पातळ. दोन वर्षांत बरोबर अशी एकच झाली होती, आणि ती नेमकी मी शेजारणीकडून आणलेली होती. तेव्हा बत्तीलाही तेच चाललंय असं मी धरून चालले.

चौथी बत्ती हे चाचांचं खरं कसब. साधी चिमणी, तीच बारीक वात, पण चारी बाजूंनी काच, म्हणजे नाव कशीही फिरली तरी उजेड सगळीकडे. वर पत्र्याचं झाकण, त्याला वारा चुकवणारी तिरपी भोकं. फक्त काच कुठून आणायची? चाचा आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांची नजर फडताळावर गेली. तिथं माझी बरणी होती. पांढऱ्या स्वच्छ काचेची, रुंद तोंडाची. आईनं लग्नात दिलेली, आणि तिच्यात आईच्याच हातचं लिंबाचं लोणचं.

"नक्को चाचा," मी म्हटलं. "त्यो विचार मनातबी आनू नका."

"बेटी, पूरे गाँव में ऐसा शीशा नईं."

"मंग गाव बदला."

दोन दिवस मी दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी मामा ओट्यावर बसून नावेचा दोर तपासत होते; तोच दोर, तीच जागा, पुन्हा पुन्हा बोटांनी चाचपत. मला काय वाटलं कोणास ठाऊक, मी उठले आणि बरणी रिकामी करायला घेतली. दुसरं भांडं नव्हतं, तेव्हा लोणचं पोटातच ठेवायचं ठरलं. पाच दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ लिंबाचं लोणचं खाल्लं. चाचांनाही मी जबरदस्तीनं वाढलं. माझ्या नवऱ्याचे दात इतके आंबले की तो दुधात भाकरी कुस्करून खाऊ लागला.

बत्ती मात्र काय झाली म्हणून सांगू! आम्ही तिच्यात एक पळी राकेल घातलं, आमटी वाढायची असते ना, ती पळी. आणि उजाडेपर्यंत ती जळत राहिली. वरून बुडाला थोडं उरलंच. पहिल्या रात्री तापलेल्या काचेतून लोणच्याचा वास येत होता एवढंच. मी चाचांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "मेरे को नईं, तेरी माँ को कर. शीशा उसका है."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा आणि माझा नवरा नावेवर, मी आणि मामा पलीकडच्या काठावर. बत्ती लागली. लहानशी, पिवळी, स्थिर. वारा आला, नाव फिरली, ती तशीच. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच पिटल्या.

मामांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग म्हणाले, "दिसत न्हाई. विलायती कंदीलच बरा व्हता."

परत येऊन त्यांनी हेच चाचांच्या तोंडावर सांगितलं. चाचा आधी हसले. मामा थट्टा करत नाहीत हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "चालीस साल में तेरे को मेरी एक चीज पसंद नईं आई," ते म्हणाले, "पर आज तू झूट बोला." मामाही तडकले. शब्दाला शब्द वाढला. चाचा हत्यारांची पिशवी उचलून गेले, ते दुसऱ्या दिवशी ओट्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

मामा एकटेच विडी ओढायचे. काडी पेटवायचे आणि सवयीनं ती शेजारी पुढे करायचे. तिथं कोणी नसायचं. काडी बोटाला चटका देऊन विझायची. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण मला राग आला. दोन दिवसांवर गिरदावरसाहेब येऊन ठेपलेले, हातात सोन्यासारखी बत्ती, आणि हा माणूस हट्टापायी नावही घालवणार आणि दोस्तही. शेवटी माझा तोल गेलाच.

"मामा, तुमचं भांडन बत्तीशी हाय का चाचाशी? नाव गेली तर काय करनार तुमी? ओट्यावर बसून विड्या फुकनार?"

सासऱ्याला असं बोलल्यावर मी स्वतःच घाबरले. पण मामा चिडले नाहीत. विडी ठेचून टाकली आणि म्हणाले, "आज सांच्याला फिरून बगू. त्याला बलाव."

माझ्या नवऱ्यानं चाचांच्या पाया पडून त्यांना आणलं. ते आले, पण तोंड फुगवून. ठरलं असं, की पलीकडच्या घाटावरच्या देवळात सांजेची घंटा वाजली की चाचांनी बत्ती लावायची, आणि दिसली की मामांनी ओरडून सांगायचं.

मी मामांना पलीकडे नेलं. सूर्य बुडाला, पाणी काळं झालं. घंटा वाजली. मी नावेकडे पाहत होते. नाव म्हणजे नुसता एक काळा ठिपका. बत्ती काही लागेना. कंट्रोलच्या काड्या त्या, गुलाला ओल धरलेली, दहा घासाव्या तेव्हा एक पेटणार. मी मनातल्या मनात चाचांना म्हणत होते, जल्दी करा, जल्दी करा, मामांचा विचार बदलायच्या आत.

तेवढ्यात मामांनी छातीभर श्वास घेतला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "दिसली रे! दिसली! चांदनीवानी दिसून राह्यली! हीच ठिवा!"

मला वाटलं मस्करी करतायत. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हसरा होता, मोठ्या मनानं काहीतरी देऊन टाकल्यासारखा, आणि ते अंधाराकडे पाहत होते.

पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो. पलीकडून चाचांचा वैतागलेला आवाज आला, "क्या दिसी रे बावा? अभी जलायाच नईं मैं! काड़ी गीली है!"

आणि मग काहीच नाही. माझ्या नवऱ्यानं चाचांचा हात धरला असणार. देवळातली घंटाही थांबली होती.

मामा हळूच खाली बसले, घाटाच्या पायरीवर. त्यांनी विचारलं, "त्या दिवशीची बत्ती तुला दिसली व्हती?"

"व्हय मामा."

"आन् त्याच्या आदीची? पत्र्याची?"

"तीबी."

"म्हंजी चाचाच्या समद्या बत्त्या बराबर व्हत्या."

"समद्या."

मामा हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून. "मंग त्येला सांग, हीच पसंत. न लावताच दिसती. थेंबभर राकेल लागत न्हाई. सरकारलाबी सांग, कंट्रोल उठवा म्हनाव!"

मीही हसले. हसता हसता मला रडू फुटलं ते आवरेना. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो आधी खांद्यावर पडला, मग चाचपत डोक्यावर आला. म्हणाले, दोन वर्षांपासून डोळ्यांवर साय धरलीय. दिवसा माणूस दिसतं, चेहरा दिसत नाही. काठ ओळखतो तो धोबिणीच्या आपटण्यावरून, कुत्र्यांच्या भुंकण्यावरून. संध्याकाळी काहीच नाही. तो विलायती कंदील तेवढा धुरकट दिसला होता, म्हणून वाटलं, तो राहिला तर अजून एक-दोन वर्षं निघतील. चाचा चिडला तेव्हा वाटलं, जाऊ दे, दिसली म्हणावं.

"पर नावंत मानसं असत्यात गं," ते म्हणाले. "लेकरं असत्यात. उद्यापासून सुकानू माज्या लेकाच्या हातात. मी सांगतो त्येला, तू नको सांगू."

दोन दिवसांनी गिरदावरसाहेब आले, बत्ती पाहिली, आत किती तेल जातं ते विचारलं, माझी पळी मागवून हातात घेऊन बघितली आणि कागदावर सही केली. नाव आमच्याकडे राहिली, सुकाणूवर माझा नवरा बसला. पण मला आठवते ती घाटावरच्या त्या संध्याकाळची, परतीची वाट.

मी होडी सोडली. मामा पुढे, पाण्याकडे तोंड करून. मी मागे, वल्ह्यावर. निम्मी नदी कापली असेल तेव्हा चाचांची काडी एकदाची पेटली आणि बरणीत ज्योत उभी राहिली. आमच्याकडे सांजेचा दिवा लागलेला दिसला की माणूस असेल तिथं हात जोडतो. मी वल्हं मांडीवर आडवं टाकलं आणि हात जोडले. वल्ह्याचा आवाज थांबलेला मामांनी ऐकला.

"लागली?"

"लागली, मामा."

त्यांनी पागोटं सारखं केलं, डोळे मिटले आणि हात जोडून मान वाकवली. पण ते वाकले होते बरंच डावीकडं, जिथं नुसतं काळं पाणी होतं.  मी वल्हं उचललं, पाण्यात अलगद घातलं आणि आवाज न करता होडीचं तोंड वळवत नेलं, त्यांचे जोडलेले हात बत्तीच्या समोर येईपर्यंत. मग त्यांचा नमस्कार पुरा होईस्तोवर होडी तशीच धरून ठेवली.